साळवे सिस्टरचे नंदीबैल

कागदावर सही डॉक्टरांची असायची, पण आमच्या ग्रामीण रुग्णालयातून पेशंटला खरी सुट्टी मिळायची ती साळवे सिस्टरकडून. सकाळच्या राउंडला डॉक्टर "याला सोडा" म्हणून पुढच्या कॉटकडे वळायचे. पेशंट चपला शोधायला कॉटखाली वाकायचा, आणि तो वर येईपर्यंत सिस्टर स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलेल्या असायच्या. गोळ्यांची पाकिटं त्याच्या मांडीवर ठेवून म्हणायच्या, "आता मी पेशंट, तुमी सिस्टर. सांगा मला, कोणती कवा घ्यायची?"

ज्याला सांगता यायचं तो घरी जायचा. ज्याला यायचं नाही तो चपला काढून पुन्हा कॉटवर. बाहेर नातेवाईक जीप लावून ताटकळलेले आणि आत म्हातारा तिसऱ्यांदा नापास झालेला, हे मी आठवड्यातून दोनदा तरी पाहिलं आहे. एका सुनेने तर खिडकीतून सासऱ्याला उत्तरं सांगायचा प्रयत्न केला. सिस्टरनी तिला आत बोलावून तिचीच परीक्षा घेतली. ती फडाफडा सगळं बोलली. "मंग झालं की," सिस्टर म्हणाल्या, "घरी गोळ्या हिच्याच हातानं. घिऊन जा तुझ्या सासऱ्याला."

मी मूळ अंबाजोगाईचा, तिथेच नर्सिंग शिकून या रुग्णालयात नुकताच लागलो होतो. पुरुष असल्यामुळे माझा हुद्दा ब्रदर. पेशंट मला डॉक्टर म्हणत आणि आमच्या डॉक्टरीणबाईंना सिस्टर. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, पुढे दोघांनीही नाद सोडला. सिस्टर मात्र नव्या माणसाला नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी "अंबाजोगाई" आणि माझ्याबरोबर लागलेली मुलगी "उमापूर". "ए अंबाजोगाई, इकडं ये!" असं वॉर्डभर घुमलं की नवे पेशंट दाराकडे बघायचे, एवढं अख्खं गाव आत कसं येणार म्हणून.

सिस्टर बुटक्या होत्या, अंगाने भरलेल्या आणि चालायला तुरुतुरु. एप्रनच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. शेंगदाणे पास होणाऱ्या पेशंटसाठी असावेत असं मला आधी वाटलं. तसं काही नव्हतं, त्या स्वतःच खायच्या. चिडल्या की ओरडत नसत. गप्प होऊन चादरींच्या घड्या घालत बसत. कपाटात चादरी फारच नीट रचलेल्या दिसल्या की आम्ही एकमेकांना खुणावायचो, आज सांभाळून.

त्यांचा सगळा राग एका गोष्टीवर होता, मान हलवण्यावर. "समजलं का म्हणून इचार, समदे मान हालवत्यात," त्या म्हणायच्या. "मान तर नंदीबैल बी हालवतो. पाऊस पडंल का? व्हय. पोरगं पास व्हईल का? व्हय. म्हणून काय त्याला दवाखान्यात नोकरीला ठिवायचं का?" वॉर्डात कुणी नुसती मान हलवली की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "मान नगं हालवू, तोंड हालव."

माझ्यातला नंदीबैल त्यांनी पहिल्याच महिन्यात पकडला. शुगरच्या एका म्हातारीला मी आदल्या दिवशी बजावून सांगितलं होतं, "मावशी, उद्या रक्त तपासायचंय. उपाशी पोटी यायचं." मावशींनी मान हलवली, मीही हलवली. दुसऱ्या दिवशी शुगर इतकी वाढलेली निघाली, की मी मशीन बिघडलं म्हणून दुसरं आणलं. तेही बिघडलेलं निघालं. शेवटी सिस्टर आल्या.

"मावशे, सकाळी काय खाल्लं?"

"काय न्हाई गं बाई. उपासच हाय आज."

"उपासाला काय काय केलंतं?"

"हेच आपलं, भगर, दाण्याची आमटी, वाटीभर साबुदाणा आन् दोन केळी. पर अन्नाच्या कणाला शिवले आसन तर शपथ!"

मला हसू फुटलं. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हातारीचं काय चुकलं? तिला ठाव असलेला उपास तिनं निष्ठेनं धरला. तू तिला इचारलं व्हतं का, उपाशी म्हंजी काय करशील म्हणून?" मी मान हलवली. मग लक्षात आलं आणि तोंडाने "नाही" म्हणालो. त्या आठवड्यात रक्त तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला मी साबुदाण्यापासून मिश्रीपर्यंत सगळं नाव घेऊन विचारलं. एकाने विचारलं, "सायेब, श्वास तरी घिऊ का?"

आम्हा नर्सेसची शाळा मंगळवारी दुपारी, पाळी बदलायच्या वेळेला भरायची. सिस्टर शिकवायच्या आणि परीक्षा घ्यायच्या गयाबाई मावशी. गयाबाई म्हणजे वॉर्डातल्या झाडूपोछा करणाऱ्या बाई. सही करायला अंगठा. सिस्टरचा नियम असा, की आपण शिकलेली गोष्ट गयाबाईंना समजावून सांगायची. त्यांना समजली तर आपल्याला समजली. मी तीन वर्षं इंग्रजीतून शिकलेला. रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ का थांबायचं, हे मी त्यांना मोठमोठे शब्द वापरून सांगितलं. गयाबाई हनुवटीखाली झाडूची मूठ धरून शांतपणे ऐकत होत्या.

"मावशी, पास का नापास?" सिस्टरनी विचारलं.

"नापास," गयाबाई म्हणाल्या. "लई शिकलेलं हाय लेकरू, पर कावून थांबायचं ते बोललंच न्हाई."

मी दुसऱ्यांदाही नापास झालो. तिसऱ्यांदा म्हणालो, "मावशी, नवी सून घरात आली की पहिल्या दिवशी लक्ष ठेवावं लागतं ना, जमतंय का नाही ते? तसं दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की लगेच कळतं, थंडी वाजते, खाज सुटते, दम लागतो. तेव्हा आपण तिथंच पाहिजे, लगेच बंद करायला." गयाबाईंनी पास केलं. माझ्या डिप्लोमावर सही कुणाची आहे ते मला आठवत नाही, पण हा निकाल आठवतो.

सरकारी प्रशिक्षणात मात्र सिस्टर हमखास नापास व्हायच्या. जिल्ह्याच्या ठिकाणी एकदा दिवसभराचा कार्यक्रम होता. पडद्यावर तक्ते सरकत होते आणि जेवणानंतर निम्मा हॉल पेंगत होता. शेवटी साहेबांनी विचारलं, "सगळ्यांना समजलं?" दीडशे माना एकदम हलल्या. मागून आवाज आला, "मला न्हाई समजलं." साहेब जरा गोरेमोरे झाले. मग लेखी चाचणी. सगळ्यांनी एकमेकांचं बघून पैकीच्या पैकी मारले. जे कळलं नाही तिथे सिस्टरनी "हे शिकवताना समजले नाही" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. हॉलमध्ये सर्वांत कमी मार्क त्यांचे. परतताना मांजरसुंब्याला एका ढाब्यावर आम्ही उतरलो, तर त्या पिठलं-भाकरी मजेत खात होत्या. "तुमाला वाईट वाटलं का?" असं उमापूरने विचारलं. "वाईट कावून वाटंल? त्या हॉलात माझ्या एकटीचाच पेपर खरा व्हता," सिस्टर म्हणाल्या आणि कांदा फोडला.

मोठ्या माणसांनाही त्यांच्या शाळेत सूट नव्हती. आमच्या भागातले एक पुढारी, त्यांना सगळे आबासाहेब म्हणत, लग्नसराईत आमच्याकडे बेशुद्ध होऊन आले. दिवसाला सात-आठ लग्नं. सकाळी इन्सुलिन घेऊन निघायचे आणि प्रत्येक मांडवात "पुढच्या लग्नात जेवतो" म्हणायचे. शुद्धीवर आल्यावर सिस्टर स्टूल घेऊन समोर बसल्या. त्यांनी प्रश्न विचारला की आबासाहेबांच्या आधी त्यांचे कार्यकर्ते उत्तर द्यायचे. सिस्टर म्हणाल्या, "इंजेक्शन ह्यांनाच देऊ का मंग?" कार्यकर्ते भिंतीला टेकले. आबासाहेब तीन दिवस नापास होत राहिले आणि चौथ्या दिवशी सुटले. त्यानंतर जे झालं ते मी स्वतः एका मांडवात ऐकलं आहे. अक्षता हातात घेऊन माणसं उभी, मुहूर्त टळायला आलेला आणि आबासाहेब माइकवर शुभेच्छा द्यायच्या ऐवजी सांगताहेत, "घाम फुटला, हात थरथरले, की लगेच साखर तोंडात टाका! आन् इंजेक्शन घेतलं की जेवल्याबिगर घर सोडू नका!" नवरदेवाच्या बापाने भटजींकडे बघितलं. भटजी मन लावून ऐकत होते, त्यांनाही शुगर होती.

आमच्या अधीक्षक साहेबांना मात्र ही शाळा पसंत नव्हती. त्यांना कॉटा रिकाम्या हव्या असत, आणि त्यांचंही खोटं नव्हतं, पेशंट व्हरांड्यात झोपायचे. "सिस्टर, हा दवाखाना आहे, शाळा नाही," ते म्हणायचे. "साहेब, न समजता गेला की आठ दिसात तोच माणूस त्याच कॉटवर येतो. मंग कॉट रिकामी झाली का?" सिस्टर विचारायच्या. त्यांच्या निवृत्तीला चार-पाच महिने उरले होते, म्हणून साहेब फार ताणत नसत.

त्याच दिवाळीत सीता आली. पंचविशीच्या आतली पोरगी, ऊसतोडीला जाणारी, आणि रोज दोन वेळा इन्सुलिन लागणारी. आदल्या हंगामात उन्हात औषध खराब झालं, तिने सुई टोचायची सोडली आणि तिला अर्धमेल्या अवस्थेत परत आणावं लागलं होतं. या वेळी साहेब म्हणाले, जाऊच नको. पण ऊसतोडीला जोडी लागते. बायको घरी राहिली तर नवऱ्याला टोळीत कुणी घेत नाही. ती जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न एवढाच होता, की सहा महिने दवाखान्यापासून लांब, उसाच्या फडात, ती जिवंत राहणार का.

सिस्टरनी तिला दहा दिवस ठेवून घेतलं. मोठ्या गाडग्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं आणि मडक्यात इन्सुलिनची बाटली, म्हणजे उन्हातही औषध गार राहतं. सीताला आकडे वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक सिरिंजवर, औषध जिथवर भरायचं तिथे, नेलपॉलिशने रेघ मारायचं ठरलं, सकाळची लाल आणि संध्याकाळची गुलाबी. नेलपॉलिश आणायला मला बाजारात पाठवलं. सहा बाटल्या मागितल्यावर दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की त्या दुकानासमोरून मी पुढे वर्षभर गेलो नाही. मी, उमापूर आणि गयाबाई तीन दिवस रेघा मारत बसलो होतो.

सीता तीन दिवसांत पास झाली. अडला तो नामदेव, तिचा नवरा. दांडगा, काळासावळा आणि कमालीचा अबोल. साखर उतरून सीता बेशुद्ध पडली तर तिला वाचवणारा तोच एकटा, आणि तो फक्त मान हलवायचा.

"सीता पडली तर काय करशील?"

मान हलली.

"आरं काय करशील ते सांग!"

"तुमी म्हणताव तसं."

दहाव्या दिवशीही तेच. गयाबाईंचं म्हणणं, "त्याला समदं येतंय. चारचौघांत तोंड उघडत न्हाई एवढंच." मी त्याला चहाच्या टपरीवर नेलं, तिथे तो खाली बघत थोडंफार बोलला. मी धावत येऊन सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "अर्ध्यानं जीव वाचत न्हाई."

टोळी निघायच्या दिवशी ट्रॅक्टर दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मागच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, बायका, पोरं. मुकादम हॉर्नवर हात ठेवून बसला होता. सिस्टर ट्रॉलीपाशी गेल्या आणि सगळ्या टोळीलाच विचारलं, "ही बेशुद्ध पडली तर पाणी पाजायचं का?" बायका एका सुरात ओरडल्या, "न्हाई!" "मंग काय?" घाईला आलेला मुकादमच ओरडला, "कुशीवर निजवायचं, ओला गूळ गालाला आतून चोळायचा! सुटू का आता?" मुकादम पास झाला. नामदेवने मान हलवली. सिस्टरनी गाडग्यावर खडूने स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला, मग खडू पुसला जाईल म्हणून नेलपॉलिशने पुन्हा लिहिला. ट्रॅक्टर गेला. त्या दिवशी वॉर्डातल्या झाडून सगळ्या चादरींच्या घड्या झाल्या.

पुढचे महिने त्या फोन हातातून ठेवत नसत. सीता कधीमधी फोन करायची, तेवढ्यापुरता चेहरा उजळायचा. एकदा जेवताना डबा तसाच ठेवून त्या मला म्हणाल्या, "मी त्या माणसाला नापास करून धाडलं रे, अंबाजोगाई. आजवर असं कुणाला सोडलं न्हाई. झोप लागत न्हाई मला." इतक्या वर्षांच्या धिटाईखाली त्या भ्यालेल्या आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

त्यांच्या निवृत्तीचा सत्कार दुपारी ओपीडीच्या हॉलमध्ये होता. शाल, नारळ, हार. अधीक्षक साहेब माइकवर "सिस्टरनी आम्हाला काय दिलं" यावर रंगात आले होते. तेवढ्यात सिस्टरच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी उचलला. ऐकायला कमी येत होतं म्हणून मीच पुढे होऊन स्पीकर लावला.

"बाई, मी नामदेव. सीता पडली."

साहेब थांबले.

"सांग," सिस्टर एवढंच म्हणाल्या.

आणि तो बोलायला लागला. दहा दिवसांत न फुटलेला आवाज भरभरून यायला लागला. "फडात व्हतो. तिला घाम फुटला, काईबाई बरळाया लागली आन् डोळे फिरवले. पाणी पाजलं न्हाई. पाजू बी दिलं न्हाई कुणाला. कुशीवर निजवली. गूळ ओला केला आन् गालाच्या आतून चोळला, थोडा थोडा. घशात जाऊ दिला न्हाई. दातात बोट घातलं न्हाई. मुकादमानं जीप आणाया माणूस धाडलाय. गूळ पुन्यांदा चोळला..." तो अडखळला. "बाई, तुमी शिकवलेलं इथवरच हाय. आता म्होरं काय करू?"

सिस्टरच्या हातातला हार खाली पडला. त्या म्हणाल्या, "आता तिला हाक मार. जोरात. नावानं."

आमच्याकडे जुन्या वळणाचा माणूस चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत राहिला. मग त्याने हाक मारली, "सीता!" आणि लाज सुटल्यासारखा तो ओरडतच सुटला, "ए सीता! सीता गं!" गयाबाईंनी पदर तोंडात धरला. किती वेळ गेला मला सांगता येत नाही, मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग फोनमधून एक बारीक, चिडका आवाज आला. "कावून वरडायलाव? आन् माझ्या तोंडाला काय फासलंय हे?"

हॉलमध्ये हसू आणि रडू एकदमच फुटलं. अधीक्षक साहेब चष्मा पुसत होते. सिस्टर फोनमध्ये भराभर सांगत होत्या, नीट गिळता येतंय का बघ, मग साखरपाणी, मग भाकर, जीप आली की जवळच्या दवाखान्यात ने आणि तिथं सगळं सांग. नामदेव प्रत्येक गोष्ट मोठ्याने परत म्हणत होता. फोन बंद झाल्यावर साहेबांनी त्यांच्या हातात माइक दिला. सिस्टर उभ्या राहिल्या, दोनदा तोंड उघडलं आणि काहीच न बोलता खाली बसल्या. पस्तीस वर्षं वॉर्ड दणाणून सोडलेल्या बाईला निरोपाचं एक वाक्य बोलता आलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं. शाल-नारळाची पिशवी वर ठेवली आणि खिडकीजवळ बसवलं. बस सुटायला अजून वेळ होता. मी खाली उतरून खिडकीशी आलो. अंबाजोगाईचा मुलगा म्हणून नाही, तर माझ्या खऱ्या नावाने त्यांच्या पाया पडावं, चार शब्द बोलावेत, असं मनाशी ठरवलं होतं.

सिस्टर खिडकीच्या गजाला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, फोन मांडीवर. कंडक्टरने दोन वेळा बेल मारली, बस हिसका देऊन निघाली, तरी त्या जाग्या झाल्या नाहीत.